खोली कीं उंची?

तांब्याचें ताम्हन चिंचेनें घासून झालें, कीं घरांतली वडील बाई त्याच्यावरून एकदां बोटाचें टोंक फिरवून पाहते. सोनार पाटली हातांत घेतो आणि नखाची कड तिच्यावरून हलकेच ओढतो. डोळ्याला जें दिसत नाहीं तें नखाला कळतें, हा अनुभव आपल्यापैकीं प्रत्येकाला आहे. गुळगुळीत आणि खडबडीत हे शब्द आपण असे बोटाच्या टोंकावर तोलून वापरतों. त्यांना मोजपट्टी लावण्याची गरज आपल्याला वाटत नाहीं. परंतु यंत्रें करणाऱ्या माणसाला ती गरज भासली, आणि त्यासाठीं त्याला जशीं नवीं साधनें करावीं लागलीं तसे नवे शब्दहि करावे लागले. हे शब्द जर्मन भाषेंत एका रीतीनें झाले, इंग्रजींत दुसऱ्या रीतीनें झाले. आणि जर्मन शब्द इंग्रजींत नेण्याची वेळ आली तेव्हां असें दिसून आलें, कीं शब्दाला शब्द सांपडला तरी मापाला माप जुळेलच असें नाहीं. श्रोतेहो, या भाषांतराची हकीकत आज मी आपल्याला सांगणार आहें.

आधीं, मोजावयाचें तें काय, हें थोडक्यांत पाहूं. लेथवर कातलेला आणि मग घासून चकचकीत केलेला पोलादी दांडा आपल्याला आरशासारखा दिसतो. पण त्याच्या पृष्ठभागाचा उभा छेद कांहीं हजार पटींनीं मोठा करून पाहिला, तर सह्याद्रीच्या रांगेसारखीं शिखरें आणि दऱ्या दिसूं लागतात. हे चढउतार मायक्रोमीटरमध्यें, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. कारखान्यांत त्यालाच मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारणपणें ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. चांगल्या घासलेल्या दांड्यावर शिखर आणि दरी यांमधील अंतर दोन-चार मायक्रॉनच भरेल. इतक्या सूक्ष्म गोष्टीची फिकीर कां करावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें, कीं दांडा बेअरिंगमध्यें तेलाच्या पातळ थरावर फिरतो. त्या थरांतून शिखर वर आलें तर धातूवर धातू घासते आणि भाग जळतो. उलट एंजिनाचा सिलिंडर अगदींच गुळगुळीत केला तर त्यावर तेल ठरत नाहीं. म्हणजे किती खडबडीत हवें, हें ठरवून सांगावें लागतें. आणि सांगावयाचें तर माप हवें व मापाला नांव हवें.

जर्मनींत हें काम पुढें नेणाऱ्यांत गुस्टाफ श्माल्त्स यांचें नांव पहिल्यानें घ्यावें लागेल. १९२९ सालीं जर्मन एंजिनिअरांच्या संघाच्या नियतकालिकांत त्यांचा एक निबंध छापून आला. गुळगुळीतपणा आणि सपाटी हा पदार्थविज्ञानाचा व शरीरविज्ञानाचा प्रश्न आहे, अशा अर्थाचें त्याचें शीर्षक होतें. यंत्रांच्या विषयांत शरीरविज्ञान यावें हें नवलाचें वाटेल. पण तोंवर परीक्षा होत होती ती बोटानें आणि डोळ्यानें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे नवल उरत नाहीं. श्माल्त्स यांनीं पृष्ठभागावरून सुई ओढली, सुईची हालचाल एका लहानशा आरशाला दिली, आणि आरशावरून परतणाऱ्या प्रकाशकिरणानें ती अनेक पटींनीं वाढवून टिपली. १९३६ सालीं बर्लिनहून त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या नांवाचें मराठी ‘तांत्रिक पृष्ठविद्या’ असें करतां येईल.

याच सुमारास अटलांटिकपलीकडे दुसरा प्रवाह वाहूं लागला होता. मिशिगन संस्थानांतील अॅन आर्बर या गांवीं अॅबट आणि फायरस्टोन यांनीं १९३३ सालीं पृष्ठभागाची प्रत कशी नेमून द्यावी याविषयीं लेख लिहिला; १९३६ सालीं अॅबट यांचें ‘प्रॉफिलोमीटर’ हें विद्युत्‌यंत्र बाजारांत आलें. इंग्लंडांत लेस्टर येथें टेलर, टेलर अँड हॉब्सन या कंपनीनें १९४१ सालीं ‘टॅलिसर्फ’ नांवाचें यंत्र काढलें; तें रिचर्ड रीझन यांनीं सिद्ध केलें होतें. या यंत्रांतहि सुईच होती, परंतु तिची हालचाल विजेच्या प्रवाहांत बदलून कांट्यावर दाखविली जाई. विजेच्या कांट्याला सर्वांत सोपें काम कोणतें? तर मध्यापासून वरखालीं होणाऱ्या हेलकाव्यांची सरासरी दाखविणें. म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या देशांत माप घेण्याची रीत मध्यरेषेपासून सुरू झाली. शिखरांच्या वर नाहीं, दऱ्यांच्या तळाशीं नाहीं, तर दोहोंच्या मधोमध एक रेषा कल्पावयाची आणि तिच्यापासून पृष्ठभाग सरासरीनें किती दूर जातो तें सांगावयाचें. १९५० सालच्या ब्रिटिश मानकानें हीच रीत मान्य केली. इंग्रजी भाषा एक असली तरी या सरासरींतहि एकमत नव्हतें. अमेरिकेंत अंतरांचे वर्ग करून, त्यांची सरासरी काढून मग वर्गमूळ घेत. ही रीत तेथील मानकानें १९५५ सालीं सोडली. साध्या नियमित लाटेचें ब्रिटिश माप १०० आलें तर जुन्या अमेरिकन रीतीनें तें १११ येई.

आतां जर्मन शब्दाकडे वळूं. तो शब्द आहे ‘राउटीफे’. ‘राउ’ म्हणजे खडबडीत. हा शब्द आणि इंग्रजी ‘रफ’ एकाच कुळांतले. ‘टीफे’ म्हणजे खोली. तो आणि इंग्रजी ‘डीप’ हेहि एकाच कुळांतले. भाषांतरकाराला याहून सोपा शब्द कोणता मिळावा? ‘रफनेस डेप्थ’ असें लिहिलें कीं काम झालें. पण इंग्रजी कारखान्यांत त्या अंतराला खोली म्हणण्याची वहिवाट नव्हती. तेथें त्याला शिखरापासून दरीपर्यंतची ‘हाइट’, म्हणजे उंची म्हणत. अंतर तेंच, एक भाषा त्याला खोली म्हणते, दुसरी उंची म्हणते.

हा केवळ बोलण्याचा फरक आहे काय? आपल्याकडील एखादी बारव डोळ्यांपुढें आणा. काठावर उभा असलेला मनुष्य सगळें अंतर खालीं मोजतो, म्हणून त्याच्या दृष्टीनें सगळी खोलीच. मधल्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला काठ वर आहे आणि पाणी खालीं आहे. तो कांहीं अंतराला उंची म्हणेल, कांहींला खोली. जर्मन एंजिनिअर काठावर उभा होता. त्याच्या मनांत प्रश्न असा, कीं या पृष्ठभागावर दुसरा भाग येऊन टेकला तर तो कोठें टेकेल? अर्थात् शिखरांवर. मग तेथून खालीं किती खोल दऱ्या आहेत तें मोजावयाचें. इंग्रज मधल्या पायरीवर उभा होता, कारण त्याचें यंत्र त्याला तेथें उभें करीत होतें.

यांतला दुसरा शब्द अधिक बोलका आहे: ‘ग्लेटुंग्सटीफे’. शब्दशः अर्थ, गुळगुळीत करण्याची खोली. शिखरांचा माल काढून दऱ्यांत भरला आणि सगळें समतल केलें, तर तो सपाट पृष्ठभाग मूळच्या सर्वोच्च शिखराच्या जितका खालीं येईल, तितकी ही खोली. आणि तो समतल पृष्ठभाग येतो कोठें? बरोबर मध्यरेषेवर. म्हणजे इंग्रज जिला मध्यरेषेपासून सर्वोच्च शिखराची उंची म्हणतो, तीच ही. आंकडा एक, चिन्ह एक, परंतु नांवें एकमेकांकडे पाठ करून उभीं. ज्या भाषांतरकारानें कोशांत ‘टीफे म्हणजे डेप्थ’ एवढेंच पाहिलें, तो या ठिकाणीं इंग्रज वाचकाला दरीकडे पाठवील आणि शिखर मोजावयाचें राहून जाईल.

तें राहिलें तर काय बिघडतें, हें एका उदाहरणानें दिसेल. दोन दांडे घ्या. दोघांचेंहि शिखरापासून दरीपर्यंतचें अंतर १० मायक्रॉन. पहिल्यावर मधूनमधून टोंकदार सुळके आहेत; ते मध्यरेषेच्या वर ८ मायक्रॉन जातात आणि दऱ्या खालीं २ मायक्रॉनच आहेत. दुसऱ्याचा पृष्ठभाग पहिल्याचीच उलटी प्रतिमा आहे असें समजा: वर पठारें आहेत, तीं मध्यरेषेपासून २ मायक्रॉनच उंच, आणि त्यांत ८ मायक्रॉनांच्या चिरा. मध्यरेषेपासूनची सरासरी दोघांची अगदीं सारखी भरेल. पण पहिला दांडा बेअरिंगमध्यें घातला तर त्याचे सुळके पहिल्या कांहीं तासांतच झिजूं लागतील. दुसरा पठारांवर भार घेईल आणि चिरांत तेल धरून ठेवील. ग्लेटुंग्सटीफे पहिल्याची ८, दुसऱ्याची २. सरासरीनें जें झांकलें, तें या शब्दानें उघड केलें.

शब्द सीमा ओलांडतात ते पुष्कळ वेळां माणसांबरोबर. गेऑर्ग श्लेसिंगर हे १९०४ पासून बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग येथील तांत्रिक विद्यापीठांत यंत्रावजारांचे प्राध्यापक होते. लेथ आणि तत्सम यंत्रांची अचूकता कशी तपासावी, यावरील त्यांचें जर्मन पुस्तक १९२७ सालीं निघालें होतें. ते ज्यू होते. १९३३ सालीं हिटलरची सत्ता येतांच त्यांना अटक झाली आणि त्यांचें अध्यापकपद गेलें. सुटल्यावर त्यांनीं देश सोडला. स्वित्झर्लंड, बेल्जम असा प्रवास करीत शेवटीं ते इंग्लंडांत आले. ज्या भाषेंत आयुष्यभर शिकविलें ती मागें राहिली, आणि पासष्टी उलटलेल्या या गृहस्थानें आपलें शास्त्र दुसऱ्या भाषेंत पुन्हां मांडावयास घेतलें. १९४२ सालीं, महायुद्ध चालू असतांना, प्रॉडक्शन एंजिनिअरांच्या ब्रिटिश संस्थेनें ‘सर्फेस फिनिश’ या विषयावरील त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. १९४९ सालीं इंग्लंडांतच त्यांचा अंत झाला.

त्या अहवालाच्या विषयाचें नांवहि विचार करण्यासारखें आहे. इंग्रज म्हणतो ‘फिनिश’, म्हणजे कामाचा शेवट, शेवटचा हात. जर्मन भाषेंत याला ‘ओबरफ्लेशेनग्यूटे’, म्हणजे पृष्ठभागाचा चांगुलपणा, असा शब्द आहे. एक शब्द कारागिराच्या हाताकडे पाहतो, दुसरा वस्तूच्या गुणाकडे. दोघांतहि माप नाहीं. आणि सिलिंडरच्या उदाहरणांत आपण पाहिलें, कीं अति गुळगुळीत म्हणजे चांगलें असेंहि नाहीं.

लहान शब्दांची अडचण वेगळीच. जर्मनींत ‘रिले’ आणि ‘रीफे’ असे दोन शब्द आहेत. साध्या कोशांत दोन्हींचा अर्थ चर किंवा रेघ असाच मिळतो. परंतु १९८२ सालच्या जर्मन मानकांत पृष्ठभागाच्या दोषांच्या सहा पायऱ्या लावल्या, तेव्हां रिले तिसऱ्या पायरीवर गेली आणि रीफे चौथ्या पायरीवर. रिले म्हणजे हत्याराच्या टोंकाच्या आकारानें आणि त्याच्या सरकण्याच्या गतीनें उमटलेले नियमित चर. नांगराचे तास जसे ओळीनें पडतात तसे. रीफे म्हणजे धातूचा कीस सुटतांना पडलेले बारीक ओरखडे. शेतकरी तासाला ओरखडा म्हणणार नाहीं, कारण दोन्ही कशानें झाले हें त्याला ठाऊक आहे. भाषांतरकारालाहि तें ठाऊक असावें लागतें. उलट ‘कूफे’ या शब्दानें कोणाचें नुकसान केलें नाहीं. कूफे म्हणजे बर्फावरील घसरगाडीची पट्टी. सुईला आधार देत पृष्ठभागावरून सरकणाऱ्या तुकड्याला जर्मनांनीं हें नांव दिलें आणि इंग्रजांनीं त्याच तुकड्याला ‘स्किड’ म्हटलें. चित्र निराळें, वस्तु एकच, गैरसमज नाहीं.

एका शब्दानें तर दोन्ही भाषांना सुधारलें. जर्मन ‘ट्रागआनटाइल’ म्हणजे भार वाहणारा हिस्सा. शिखरांच्या माथ्यापासून ठराविक खोलीवर आडवा छेद घेतला, तर त्या रेषेचा किती भाग धातूंतून जातो आणि किती मोकळा राहतो, त्याचें हें प्रमाण. हें प्रमाण खोलीबरोबर कसें वाढतें तें दाखविणारी वक्ररेषा अॅबट आणि फायरस्टोन यांच्या नांवानें ओळखली जाते, आणि इंग्रजींत त्या प्रमाणाला ‘बेअरिंग रेशो’ म्हणत. यांत दोन घोटाळे होते. एक तर ‘बेअरिंग’ हें यंत्राच्या एका भागाचेंहि नांव आहे. दुसरा घोटाळा अधिक खोल होता. सुई इतकेंच सांगते, कीं येथें धातु आहे. त्यावर भार पडल्यावर ती दबेल किती, समोरच्या भागाचीं शिखरें नेमकीं कोठें टेकतील, हें सुईला कळत नाहीं. म्हणजे ‘भार वाहणारा’ हें विशेषण मोजलेल्या गोष्टीपेक्षां अधिक सांगत होतें. पुढें इंग्रजींत ‘मटेरियल रेशो’ आणि जर्मनींत ‘माटेरिआलआनटाइल’ असे शब्द रूढ झाले. दोहोंचा अर्थ, द्रव्याचा हिस्सा. दावा कमी केला आणि शब्द खरा झाला.

१९५० नंतरच्या दशकांत काठ आणि मधली पायरी यांचा भेद उघड वादाला आला. जर्मनीचे फॉन वाइनग्राबर यांनीं अशी योजना मांडली, कीं शिखरांवरून एक वर्तुळ लोळवावें, त्याच्या मार्गावरून जी आच्छादनरेषा मिळेल तिच्यापासून खालीं मापें घ्यावीं. ब्रिटिशांचा आग्रह मध्यरेषेचा होता. १९६६ सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनें मध्यरेषा स्वीकारली. वाद मिटला, परंतु जर्मन शब्दांतली ‘खोली’ तशीच राहिली; आणि त्यांतूनच आजवर त्रास देणारा एक घोटाळा निघाला.

तो घोटाळा ‘आर-झेड’ या चिन्हाचा. खडबडीतपणाला दोन्ही भाषांत ‘आर’ हेंच आद्याक्षर असल्यामुळें चिन्हाचें भाषांतर करावें लागत नाहीं, आणि म्हणूनच तें फसवें ठरलें. १९७४ सालच्या जर्मन मानकांत या चिन्हाचा अर्थ ‘गेमिटेल्टे राउटीफे’, म्हणजे सरासरी घेतलेली राउटीफे. मोजण्याच्या लांबीचे पांच सारखे तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्यांतील सर्वांत मोठें शिखर-दरी अंतर घ्यावयाचें आणि पांचांची सरासरी काढावयाची. १९८४ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकांत त्याच चिन्हाचा अर्थ दुसरा होता: एकाच तुकड्यांतील पांच उंच शिखरें आणि पांच खोल दऱ्या यांवरून काढलेली दहा बिंदूंची उंची. १९९७ सालीं ती व्याख्या जाऊन तुकड्यांतील सर्वांत उंच शिखर व सर्वांत खोल दरी यांमधील अंतर, अशी व्याख्या आली. जपाननें दहा बिंदूंचें जुनें माप वेगळ्या चिन्हानें पुढेंहि चालू ठेवलें. २०२१ सालीं या सर्व मानकांची जागा नव्या मानकमालेनें घेतली. चिन्ह मात्र इतक्या सगळ्या बदलांतून तेंच राहिलें.

आतां हिशेब करून पाहूं. दांड्यावर चार मिलिमीटर लांबी मोजली. तिचे पांच तुकडे, प्रत्येक ०.८ मिलिमीटरचा. पांच तुकड्यांतील अंतरें आलीं ४, ५, ४, ८ आणि ४ मायक्रॉन. बेरीज २५, सरासरी ५. रेखाचित्रावर मर्यादा ६ मायक्रॉनांची आहे. दांडा पास झाला. पण भाषांतरकारानें ‘गेमिटेल्टे’ हें एक विशेषण गाळलें आणि नुसतें ‘रफनेस डेप्थ’ लिहिलें असेल, तर तपासनीस सगळ्या चार मिलिमीटरांतील सर्वांत मोठें अंतर धरील; तें ८ आहे, म्हणून तो दांडा भंगारांत टाकील. याच्या उलट चूक झाली, म्हणजे जेथें एकहि चीर ६ मायक्रॉनांहून खोल चालणार नव्हती तेथें सरासरी धरली, तर ८ मायक्रॉनांची चीर घेऊन तो भाग यंत्रांत बसेल. पहिल्या चुकीनें पैसा जातो. दुसरीनें, तो भाग कोठें बसला आहे त्यावर, काय जाईल तें ठरतें.

म्हणून अशा शब्दांचें भाषांतर करणाऱ्यानें कोश उघडण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्यात. माप कोणत्या रेषेपासून घेतलें आहे? किती लांबीवर घेतलें आहे, आणि सरासरी कशाची? हें रेखाचित्र कोणत्या देशाचें व कोणत्या सालचें आहे? या तिन्हींचीं उत्तरें मिळालीं म्हणजे खोली म्हणावें कीं उंची, हा प्रश्न बहुतेक आपोआप सुटतो. न सुटला तर निदान टीप देण्याची बुद्धि होते.

हा प्रश्न दूरचा आहे असें आपण समजूं नये. पुणें, पिंपरी-चिंचवड, नाशिक येथील कारखान्यांत जर्मन आणि इंग्रजी रेखाचित्रें येतात, आणि त्यांवर काम करणारे हात मराठी बोलणाऱ्यांचे आहेत. वरिष्ठ कारागीर नवशिक्या मुलाला तीं चिन्हें मराठींतच समजावून सांगतो. त्यासाठीं मराठी शब्द करूं म्हणणाऱ्यांनीं ‘डेप्थ’ला खोली आणि ‘हाइट’ला उंची अशी यादी करून थांबूं नये, बारवेच्या कोणत्या पायरीवर आपण उभे आहों, हें आधीं ठरवावें आणि मग नांव ठेवावें. श्माल्त्स यांनीं सुईला आरसा जोडला आणि श्लेसिंगर यांनीं उतारवयांत परक्या भाषेंत अहवाल लिहिला, तो बोटाच्या टोंकाला कळणारी गोष्ट दुसऱ्यालाहि तशीच कळावी म्हणून. त्यांच्या शब्दांचें भाषांतर करतांना निदान तेवढी काळजी आपण घ्यावी, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.